वजन काढणारा माणूस : कॉलिन चॅपमन

गाडी पळत नसेल तर आपल्या हॉस्टेलवर एकच उपाय सांगितला जातो, मोठं इंजिन टाका! कॉलिन चॅपमनने उलटा हिशोब मांडला. इंजिन राहू द्या, वजन काढा.

त्याचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनजवळ रिचमंडला झाला. पुढे तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकला, म्हणजे आपल्याकडचा सिव्हिलवालाच. कॉलेजात असतानाच विमान चालवायला शिकला आणि जोडीला जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री सुरू केली. १९४७ मध्ये सरकारने खासगी गाड्यांचे पेट्रोल रेशन बंद केले आणि धंदा बसला. गळ्यात उरली एक न खपलेली ऑस्टिन सेव्हन.

ऑस्टिन सेव्हन ही इंग्लंडमधल्या साध्या माणसाची गाडी. इंजिन जेमतेम ७४७ सीसीचं. १९४८ मध्ये चॅपमनने ती खोलली. जागा होती त्याची मैत्रीण (पुढे पत्नी) हेजल हिच्या घरामागचं गॅरेज. जुनी बॉडी काढून त्याने अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चिकटवलेल्या प्लायवुडची हलकी पण ताठ बॉडी बसवली. डोक्यात विमानाचा सांगाडा होता. हीच पहिली लोटस. त्याच सुमारास शेवटच्या परीक्षेत त्याचा गणिताचा पेपर राहिला. पुन्हा बसून वर्षभर उशिरा डिग्री मिळाली. एम-थ्रीवाल्यांनी नोंद घ्यावी!

१९५१ च्या रेसिंग गाडीत त्याने इंजिनही सोडलं नाही. ऑस्टिनमध्ये दोन-दोन सिलिंडरांना मिळून एकच इनलेट पोर्ट होतं, त्यामुळे एकाच्या वाट्याचं मिश्रण दुसरा ओढायचा. चॅपमनने मधे पडदा घालून रस्ते वेगळे केले. सीसी तेवढेच, दम जास्त! गाडी इतकी पुढे जाऊ लागली की क्लबला नियम करून ही युक्ती बंद करावी लागली.

१९५२ मध्ये लोटस कंपनी निघाली. बारीक नळ्यांचा त्रिकोणी जोडणीचा सांगाडा साधारण २५ किलोचा. गिऱ्हाइकाने सुटे भाग न्यायचे, साध्या फोर्डचं इंजिन घालायचं आणि घरीच जोडणी करायची. १९५७ ची लोटस सेव्हन अर्ध्या टनापेक्षा हलकी होती. १९६२ मध्ये त्याने फॉर्म्युला वनमध्ये नळ्यांऐवजी मोनोकॉक आणला, म्हणजे बाहेरची कातडीच भार घेणार. त्याच्या हयातीत लोटसने सात वेळा कन्स्ट्रक्टर्स विजेतेपद मिळवलं.

पण या हिशोबाला दुसरी बाजू आहे. लोटसचा ड्रायव्हर योखेन रिंट याने गाड्यांच्या नाजूकपणाबद्दल आधीच तक्रार केली होती. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोंझाच्या सरावात त्याच्या गाडीच्या पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटला आणि गाडी कठड्यात घुसली. कठडाही नीट बसवलेला नव्हता. रिंट गेला. त्या वर्षीचं विश्वविजेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं. पुढे डीलोरियन कंपनीच्या पैशांच्या घोटाळ्यात चॅपमनचं नाव आलं. खटला उभा राहण्याआधीच १६ डिसेंबर १९८२ रोजी, ५४ व्या वर्षी, हृदयविकाराने तो वारला.

आज परदेशात जुन्या एमजीसारख्या साध्या स्पोर्ट्स गाड्या खोलून, नवं इंजिन, नवे ब्रेक आणि कार्बन फायबर घालून पुन्हा उभ्या करतात. त्यांना रेस्टोमॉड म्हणतात. त्यातल्या हलक्या गाड्यांमागची कल्पना त्या गॅरेजातलीच आहे. लोटस सेव्हनचे हक्क १९७३ मध्ये केटरहॅमने घेतले आणि ती गाडी अजूनही बनते.

नांदेड-लातूरला ऑस्टिन कुठून येणार? पण एमएच-२६ आणि एमएच-२४ च्या जुन्या बाइक भरपूर आहेत, आणि बाजाची गाडी करणारी पोरंही आहेत. ब्रॅकेट कापायला ग्राइंडर उचलाल तेव्हा आधी कागदावर बघा की तो ब्रॅकेट कुठला भार घेतो. भार घेत नसेल तर खुशाल काढा. घेत असेल तर राहू द्या. त्या गाडीवर बसणारा आपलाच रूममेट असतो.