डोंगराची माती, सरकारचा पैसा : शेतकरी जोतीराव फुले



पोलादपूर भागात पाणलोटाच्या कामाची बैठक असली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : पैसे कुठून येणार? ते पैसे उताराच्या कोणत्या टोकाला लागणार, हा दुसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. हे दोन्ही प्रश्न १८८३ साली पुण्याच्या एका माळ्याने एकत्र मांडले होते. महात्मा जोतीराव फुले तुम्हाला मुलींच्या शाळेमुळे माहीत आहेत. रायगडावरील शिवसमाधीशी त्यांचे नाव जोडले जाते, म्हणून महाडकरांना ते थोडे जवळचेही वाटतात. मृद व जलसंधारणावर लिहिणारा माणूस म्हणून मात्र त्यांची ओळख मला कृषी पदवी घेऊन बरीच वर्षे झाल्यावर झाली.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, पुण्यात येऊन फुलांच्या धंद्यामुळे फुले झालेले. वडील गोविंदराव फुले आणि भाजीपाला पिकवत. जोतीरावांनी मिशनच्या शाळेत शिक्षण घेतले, १८४८ मध्ये सावित्रीबाईंसह मुलींची शाळा सुरू केली, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. हा भाग तुम्ही शाळेत वाचला आहे, म्हणून इथे थांबत नाही.

आपल्या कामाचा भाग त्यांच्या पोटापाण्याच्या उद्योगात आहे. ते बांधकामाचे कंत्राटदार होते. खडकवासला धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला. धरणाचे पाणी कालव्यात आले तेव्हा आजूबाजूचे शेतकरी ते घ्यायला कचरत होते. जोतीरावांनी हडपसरजवळ मांजरीला जमीन घेतली आणि कालव्याच्या पाण्यावर बागायत करून दाखवली. आज आपण ज्याला पीक प्रात्यक्षिक म्हणतो तेच हे. फरक एवढाच, की त्याचा खर्च त्यांनी स्वतःच्या खिशातून केला.

म्हणजे सरकारी कामाचा पैसा कसा मंजूर होतो, कसा खर्च होतो आणि वाटेत कुठे मुरतो, हे त्यांनी ठेकेदार म्हणून आतून पाहिले होते. शेतकरी म्हणून पाणीपट्टीही भरली होती. त्यात १८७६-७७ चा दुष्काळ आला. या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवले. हे सगळे पाहिल्यानंतर त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला.

या पुस्तकाचे नाव ऐकून ते केवळ सावकार आणि भटशाहीविरुद्ध असेल असे वाटते. पण त्यात मातीचे शास्त्रही आहे. डोंगरावरील गवत, पाने, फुले कुजून आणि मेलेल्या जीवजंतूंचे सत्त्व मिसळून जे खत तयार होते, ते पूर्वी पावसाबरोबर खालच्या शेतात उतरत असे. आता ते ओढ्यानाल्यांतून नदीत आणि तिथून समुद्रात जाते, हे त्यांनी सरळ सांगितले. त्यांनी सांगितलेला उपाय म्हणजे डोंगरउतारावर आणि शेतांत ताली व बंधारे घालणे, म्हणजे पाणी आधी जमिनीत मुरेल आणि मग ओढ्याला मिळेल. दऱ्याखोऱ्यांत तलाव-तळी बांधली तर खालच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहील, असेही त्यांनी लिहिले. माथ्यापासून पायथ्याकडे काम करायचे, हा नियम आपण प्रशिक्षणात शिकवतो. त्याचे मूळ मराठीत इतके जुने आहे.

मग पैशाचे काय? जोतीरावांनी नवा कर सुचवला नाही. लष्कर आणि पोलीस यांना पगार मिळतोच, तर त्यांच्या फावल्या वेळात त्यांच्याकडून हे बांध घालून घ्यावेत, असे त्यांचे म्हणणे होते. विहिरींबाबत तर त्यांनी भागीदारीच मांडली : पाणाड्यांकडून झरे शोधण्याचे काम सरकारने करावे, विहीर शेतकऱ्याने खणावी आणि सरकारी मदत न घेता जो विहीर करील त्याला सरकारने बक्षीस द्यावे. नद्या आणि तलावांतला गाळ शेतकऱ्यांना फुकट नेऊ द्यावा, गावांची गायराने परत करावीत, कालव्याचे पाणी प्रत्येक शेताला गरजेप्रमाणे तोटीने द्यावे, अशा मागण्याही त्यात आहेत. निधी द्या, पण गाळावर, चराईवर आणि पाण्यावर शेतकऱ्याचा हक्कही द्या, असा तो प्रस्ताव होता. मला पुस्तकाचा हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आजच्या अनेक योजनांत काम गावात होते पण हक्क कुणाचा ते कागदावर येत नाही.

आता आपल्या भागाकडे या. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर-महाडवरून बाणकोटच्या खाडीत जाते. पोलादपूरला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तरी वाड्यांवर एप्रिल-मेमध्ये पाण्याची ओढ असते. वरकस जमिनीवरची माती दरवर्षी खाली जाते. २०२१ च्या जुलैत तळिये, केवनाळे आणि साखर सुतारवाडीला दरडी कोसळल्या, महाड पाण्याखाली गेले. त्यानंतर नदीतला गाळ काढण्याचे काम हाती घेतले गेले. ते गरजेचे होतेच, पण गाळ जिथून येतो त्या उतारावर खर्च झाला नाही तर नदीपात्र पुन्हा भरणार.

एक गाव मी पाहिले आहे. मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून तिथे आधी नाल्यात सिमेंटचा बांध झाला, वरचा डोंगर तसाच उघडा राहिला. दोन पावसाळ्यांत बांध गाळाने गच्च भरला.

पण जोतीरावांचा सल्ला जसाच्या तसा उचलू नका. ते पुण्याच्या कमी पावसाच्या बाजूचे शेतकरी होते. तिथे उतारावर अडवलेले पाणी वरदान आहे. आपल्याकडे तीव्र उतारावर, खोल सुट्या मातीत सलग समतल चर खणून पाणी साठवले तर डोंगर जड होऊन दरडीचा धोका वाढू शकतो. अशा जागी चर नकोत. पाणी सुरक्षित वाटेने बाहेर काढा आणि माती धरायला वाळा, बांबू व स्थानिक झाडे लावा. मध्यम उतारावर काजू-आंबा लागवडीसोबत तुटक चर आणि जलकुंड चालतात. खाली ओढ्यावर पावसाळा ओसरताना कोकण विजय बंधारे किंवा वनराई बंधारे घाला. कुठे काय करायचे हे ठरवण्यापूर्वी दरडप्रवण भागाचा नकाशा तलाठ्याकडे किंवा तहसीलला विचारा.

पैशाचे दरवाजे आज जोतीरावांच्या काळापेक्षा जास्त आहेत. मजुरीच्या कामाला रोजगार हमी, पाणलोट प्रकल्पाला केंद्र-राज्याचा निधी, गावाच्या श्रमदानाची अट असलेला नाबार्डचा पाणलोट विकास निधी. शिवाय महाडची औद्योगिक वसाहत शेजारीच आहे. कंपनी कायद्यात बसणाऱ्या मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. त्यांच्याकडे जाताना ग्रामसभेचा ठराव, गट क्रमांकासह माथ्यापासूनचा आराखडा, गाव किती श्रमदान करणार याचा आकडा आणि देखभाल कोण करणार त्यांची नावे घेऊन जा. गाळ, गवत आणि पाणी यांवर कोणाचा हक्क राहील तेही त्याच ठरावात लिहा.

असूडाची सुरुवातीची प्रकरणे ‘दीनबंधु’ पत्रात छापली गेली, पुढची छापायचे थांबले. जोतीराव गावोगावी जाऊन ते वाचून दाखवत राहिले : जुन्नर, ओतूर, हडपसर, ठाणे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनीही ते ऐकले. १८८८ मध्ये मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा म्हटले. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवी बाजू गेली, तेव्हा ते डाव्या हाताने लिहू लागले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.