पाटणचे आकाश आणि भास्कराचार्य

रमजान आणि आकाश यांचे नाते फार जवळचे आहे. महिना चाँद पाहून सुरू होतो आणि चाँद पाहूनच संपतो. पहाटेचा खरा उजेड फुटण्याआधी सहरी आटोपायची आणि सूर्य बुडताच रोजा सोडायचा. असरची नमाज सावलीच्या लांबीवरून ठरते. आज मशिदीतल्या तक्त्यावर आणि मोबाइलवर या वेळा मिनिटांसह तयार मिळतात, त्यामुळे मान वर करून पाहण्याची गरज उरलेली नाही. पण या मिनिटांमागे आकाश मोजणाऱ्या माणसांची शेकडो वर्षांची मेहनत आहे. त्या माणसांपैकी एक फार मोठे नाव आपल्या खानदेशाशी जोडलेले आहे. ते नाव म्हणजे भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला. हे साल त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. गोत्र शांडिल्य, गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जलविड. वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिर्विद आणि तेच मुलाचे गुरू. विज्जलविड म्हणजे आजचे कोणते गाव, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण या घराण्याचा दगडात कोरलेला पुरावा जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण इथे आहे. आपण ज्याला पाटणादेवी म्हणतो, तेच हे ठिकाण. बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीच्या यादवांचे मांडलिक असलेले निकुंभ राजे इथून कारभार पाहत.

खानदेशचा उन्हाळा सोसायला कठीण. पण पावसाळा सरला की हवा कोरडी होते आणि रात्रीमागून रात्री आकाश निरभ्र राहते. तारे पाहणाऱ्याला आणखी काय हवे? ज्या ब्रह्मगुप्ताच्या परंपरेवर भास्कराचार्यांनी आपले काम उभे केले, तो सातव्या शतकातला पंडितही थरच्या वाळवंटाच्या कडेला असलेल्या भिनमाळचा. आठव्या शतकात खलिफा अल मन्सूरच्या काळात याच परंपरेतले गणित बगदादला पोहोचले आणि तिथल्या ज्योतिर्विदांनी ते अरबीत आणले. म्हणजे भास्कराचार्य जन्मण्याच्या साडेतीनशे वर्षे आधीच त्यांच्या विद्येची आणि इस्लामी जगाची ओळख झालेली होती.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत. लीलावतीत अंकगणित, बीजगणितात अव्यक्त राशींचे गणित, ग्रहगणितात ग्रहांच्या गती आणि गोलाध्यायात पृथ्वी व आकाशाच्या गोलाचा विचार. पृथ्वी गोल आहे, ती कशावरही टेकलेली नाही आणि जड वस्तूंना स्वतःच्या शक्तीने आपल्याकडे ओढते, हे त्यांनी स्वच्छ सांगितले. मग ती सपाट का दिसते? तर तिच्या घेराचा अगदी लहानसा तुकडाच माणसाच्या नजरेत मावतो म्हणून.

याच गोलाध्यायात आकाश मोजण्याच्या यंत्रांवर एक प्रकरण आहे. पाण्यावर चालणारी घटिका, उभा रोवायचा शंकू, वर्तुळाकार चक्र, फलक अशी कितीतरी यंत्रे त्यात येतात. पण सगळी यंत्रे सांगून झाल्यावर त्यांनी सर्वांत वरचा मान दिला तो बुद्धीला. हातात साधी काठी असली आणि डोके जागेवर असले, तर डोंगराची उंची काय किंवा ताऱ्याची उंची काय, दोन्ही काढता येतात, असा त्यांचा विश्वास होता. महागडी दुर्बीण नाही म्हणून आकाशाकडे पाठ फिरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

शंकूचे एक काम आपल्या रोजच्या इबादतीशी निगडित आहे. सपाट जमिनीवर वर्तुळ आखायचे आणि मध्यभागी शंकू उभा करायचा. सकाळी त्याच्या सावलीचे टोक वर्तुळाला जिथे शिवते तिथे एक खूण आणि दुपारनंतर जिथे शिवते तिथे दुसरी. या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. मुस्लिम ज्योतिर्विद दिशा नक्की करून मग किब्ला काढण्यासाठी हीच रीत वापरत. अरबीत तिचे नावच दाइरा हिंदिया, म्हणजे हिंदी वर्तुळ. ज्यांच्याकडून विद्या घेतली, त्यांचे नाव त्या लोकांनी पुसले नाही.

आता चाँदरातीकडे वळू. ग्रहगणितात चंद्राच्या कोरीचा, म्हणजे शृंगोन्नतीचा, स्वतंत्र विचार आहे. कोरीचे कोणते टोक वर उचललेले दिसेल आणि किती, हे त्यात आधीच काढता येते. चंद्र सूर्याच्या तेजातून केव्हा बाहेर पडतो, याचाही हिशेब आहे. सूर्य आणि चंद्र यांच्या मावळण्यात १२ कालांशांचे, म्हणजे ४८ मिनिटांचे अंतर पडले की चंद्रकोर दिसू शकते, हे भारतीय ज्योतिषातले जुने प्रमाण भास्कराचार्यांनीही दिले आहे. त्यांच्या कितीतरी आधी बगदादमध्ये अल ख्वारिज्मीने चाँद दिसण्याची कोष्टके केली, ती याच भारतीय प्रमाणावर. चाँदची शहादत डोळ्यांनीच द्यायची असते. पण नजर कुठे लावायची आणि किती वेळ थांबायचे, हे गणित सांगते.

भास्कराचार्य अखेरपर्यंत काम करत राहिले. ११८३ साली, वयाच्या ६९व्या वर्षी, त्यांनी करणकुतूहल लिहिले. ग्रहांचे गणित सोपे करून पंचांग करणाऱ्यांच्या हाती देणारा हा लहानसा ग्रंथ. ज्या वयात माणूस मिळालेल्या मानावर निवांत बसतो, त्या वयात त्यांना सामान्य गणित्याची अडचण दूर करावीशी वाटली.

त्यांच्या मागे मुलगा लक्ष्मीधर याने विद्या चालवली. त्याची कीर्ती ऐकून यादव राजा जैत्रपालाने त्याला पाटणहून आपल्या दरबारी नेले. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा पुढे सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. पण दरबारात मान मिळाला तरी चांगदेव पाटणला विसरला नाही. आजोबांचे आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ काढला. ९ ऑगस्ट १२०७ रोजी, चंद्रग्रहणाच्या दिवशी, निकुंभ राजा सोईदेव याने मठाला दान दिले. हे सारे पाटणच्या शिलालेखात कोरलेले आहे. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि तोच मनाला अधिक भिडतो. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावरचा हक्क मठाला आणि तेलाच्या घाण्यांमागे पळी पळी तेल मठाला, अशी ती तरतूद. राजाबरोबर बाजारातला व्यापारी आणि तेलीही त्या शाळेचा भार उचलत होता. याच घराण्यातल्या अनंतदेवाने १२२२ साली गिरणेकाठच्या बहाळ इथे मंदिर बांधले, तिथेही शिलालेख आहे.

पुढची गोष्ट मोगल काळातली. अकबराच्या आज्ञेवरून १५८७ साली फैजीने लीलावतीचा फारसी अनुवाद केला. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, तिच्या लग्नाचा मुहूर्त दाखवणाऱ्या घटिकापात्रात मोती पडला आणि मुहूर्त टळला, ही घरोघरी सांगितली जाणारी कथा त्या फारसी अनुवादातूनच सर्वत्र गेली. कथेला इतिहासाचा आधार नाही, पण एका मुस्लिम कवीने एका मराठी मुलुखातल्या गणित्याच्या घरावर केलेल्या मायेची ती खूण आहे. हाच फैजी १५९१ साली अकबराचा वकील म्हणून खानदेशच्या फारुकी राजा अली खानाच्या दरबारी बुऱ्हाणपूरला आणि पुढे अहमदनगरला आला होता. त्यानंतर शाहजहानच्या काळात, १६३४-३५ च्या सुमारास, अताउल्लाह रशीदीने बीजगणित फारसीत आणले. ताजमहालाचा वास्तुकार उस्ताद अहमद लाहोरी याचा हा मुलगा. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याचे कामही त्याच्याच नावावर आहे. पाटणहून डोंगर चढून घाटमाथ्यावर गेले की तो मुलूख सुरू होतो. भास्कराचार्यांचे बीजगणित ज्याने फारसीत नेले, त्याने उभारलेली इमारत त्याच डोंगरापलीकडे उभी आहे.

माणूस गेला की त्याच्या अमलांचा हिशेब बंद होतो, मात्र तीन गोष्टींचे पुण्य सुरूच राहते, अशी आपल्या दीनची शिकवण आहे. लोकांच्या उपयोगी पडत राहणारे दान, म्हणजे सदका-ए-जारिया. फायदा देत राहणारे इल्म. आणि आठवण ठेवून दुआ करणारी चांगली औलाद. कोणाचा हिशेब कसा होईल, हे अल्लाहच जाणे. पण या शिकवणीच्या उजेडात पाटणच्या शिलालेखाकडे पाहिले, तर तिन्ही गोष्टी एका ठिकाणी सापडतात. आजोबांचे इल्म, नातवाची निष्ठा आणि गावाचे दान. यातला एकही धागा नसता, तर भास्कराचार्यांची इथली ओळख मिटली असती.

आज मठ उरलेला नाही. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा शिलालेख विद्वानांपुढे आणला म्हणून निदान स्मरण राहिले. पाटणचे रात्रीचे आकाश मात्र अजून पुष्कळसे जुने आहे. गौताळा अभयारण्याच्या डोंगरांनी शहरांचा उजेड अडवून धरला आहे. ढग नसलेल्या अमावास्येच्या आसपास आकाशगंगा पाहायची तर असा परिसर हवा. अभयारण्य असल्याने रात्री थांबायचे तर वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. चाँद पाहायला मात्र ही डोंगरांनी वेढलेली जागा अडचणीची. त्यासाठी पश्चिमेचे क्षितिज अगदी जमिनीपर्यंत मोकळे लागते. धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला उंचावर आहे. थाळनेरला तापी पश्चिमेकडे वाहते, तिथे काठावरून प्रवाहाच्या दिशेने नजर दूरवर जाते. दोन्ही ठिकाणे फारुकींच्या सुरुवातीच्या काळातली, म्हणून आपल्या इतिहासाशीही जोडलेली. जळगाव आणि धुळे शहरांत महामार्गांचे दिवे, दुकानांच्या पाट्या आणि धूळ यांतून कोवळी कोर हाती लागणे दरवर्षी अवघड होत चालले आहे.

सहरीच्या वेळेचेही तसेच. सुबह सादिक, म्हणजे खरी पहाट, क्षितिजावर आडवी पसरते. तिच्या आधी पूर्वेला उभा, फिकट उजेड कधी कधी दिसतो, ती सुबह काजिब, खोटी पहाट. दोघींतला फरक आपण मदरशात शिकतो, पण शहरात राहून खोटी पहाट डोळ्यांनी पाहिलेला माणूस आज विरळा. जे दिसत नाही ते हळूहळू नुसते शब्द होऊन राहते.

म्हणून या रमजानमध्ये एखाद्या संध्याकाळी मुलांना गावाबाहेरच्या मोकळ्या रानात न्यावे. सोबत खजूर आणि पाणी असू द्यावे. काठी रोवून सावली दाखवावी, सूर्य कुठे बुडाला ती जागा दाखवावी, चंद्र तिच्या उजवीकडे आहे की डावीकडे ते मुलांनाच विचारावे. शेजारच्या घरातली मुलेही बरोबर घ्यावीत. आठशे वर्षांपूर्वी पाटणच्या बाजाराने घाण्यामागे पळीभर तेल दिले आणि एक विद्या जगवली. आपल्याकडून तेवढीच अपेक्षा आहे, ज्याला जमेल त्याने आपली पळी द्यावी.