रक्तातली खूण

दोन नोबेल पारितोषिके, आणि तीही कोणाशी वाटून न घेता, मिळवणारा माणूस जगात आजवर एकच झाला : लायनस पॉलिंग. विज्ञान शाखेतल्या मित्रांना हे नाव रासायनिक बंधांच्या प्रकरणात भेटते. मी वाणिज्य शाखेचा. माझी या नावाशी ओळख झाली ती सिकलसेल या रक्ताच्या आजारामुळे. या आजाराचे मूळ पॉलिंग यांनी दाखवून दिले. पुढे त्याच ज्ञानाच्या आधारे त्यांनी एक सूचना केली, ती मात्र मला अस्वस्थ करते. एकाच माणसाच्या आयुष्यातल्या या दोन गोष्टी एकत्र मांडाव्यात, म्हणून हा लेख.

अमेरिकेतील ओरेगन राज्यात, पोर्टलंड येथे २८ फेब्रुवारी १९०१ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील औषधांचे दुकानदार. लायनस नऊ वर्षांचा असताना ते वारले. आईने घरात पैसे देऊन राहणारी माणसे ठेवली आणि तीन मुलांना वाढवले. इतिहासाचा अभ्यासक्रम अपुरा राहिल्याने लायनसला शाळेचे प्रमाणपत्रही मिळाले नाही. ते न घेताच तो ओरेगनच्या कृषी महाविद्यालयात दाखल झाला. मध्येच पैसे संपले, तेव्हा १९१९ साली त्याच महाविद्यालयाने त्याला वर्षभर शिकवण्याचे काम दिले. अठरा वर्षांचा मुलगा आपल्याच वयाच्या मुलांचा गुरू झाला! १९२२ साली पदवी, १९२५ साली कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे डॉक्टरेट, आणि १९३९ साली रासायनिक बंधांवरचा जगप्रसिद्ध ग्रंथ, अशी त्यांची झेप होती.

आता आजाराकडे वळू. १९०४ साली शिकागोच्या एका रुग्णालयात ग्रेनाडा बेटावरून आलेला वीस वर्षांचा विद्यार्थी दाखल झाला. त्याच्या रक्तातल्या काही तांबड्या पेशी गोल नसून विळ्यासारख्या वाकड्या दिसल्या. १९१० साली डॉ. जेम्स हेरिक यांनी ही हकीकत प्रसिद्ध केली. पेशी वाकड्या का होतात, हे मात्र पुढची पस्तीस वर्षे कोणालाच सांगता आले नाही.

१९४५ साली डॉ. विल्यम कॅसल यांनी बोलता बोलता पॉलिंग यांना सांगितले, की या पेशी प्राणवायू कमी असलेल्या रक्तात वाकतात आणि प्राणवायू मिळताच पुन्हा सरळ होतात. पॉलिंग यांनी त्याआधीच हिमोग्लोबिनचा अभ्यास केला होता. प्राणवायू वाहून नेतो तो हिमोग्लोबिनचा रेणू. तेव्हा दोष पेशीत नसून त्या रेणूत असला पाहिजे, असे त्यांच्या मनाने तत्काळ घेतले.

हे सिद्ध करण्याचे काम त्यांनी हार्वे इटानो या तरुण डॉक्टरवर सोपवले. इटानो जपानी वंशाचा अमेरिकन. १९४२ साली बर्कलेच्या विद्यापीठात तो पदवी परीक्षेत सर्वप्रथम आला, पण पदवीदान समारंभाला हजर राहू शकला नाही. युद्धकाळात जपानी वंशाच्या लोकांना सरकारने काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडले होते, आणि इटानो त्यांतल्याच एका छावणीत होता. त्याचा गुन्हा एकच, त्याचा वंश.

इटानो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसाचे आणि रुग्णाचे हिमोग्लोबिन द्रावणातून विद्युत्प्रवाहाखाली सरकवून पाहिले. दोन्हींची चाल वेगळी निघाली, म्हणजे त्यांवरील विद्युतभार वेगळा होता. ज्यांना स्वतःला आजार नाही, पण जे तो पुढच्या पिढीला देऊ शकतात, अशा वाहकांच्या रक्तात दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन आढळले. नोव्हेंबर १९४९ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. एखादा आजार थेट एका रेणूतल्या बदलामुळे होतो, हे जगात प्रथमच सिद्ध झाले.

नेमका बदल कोणता, ते केंब्रिजच्या व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये दाखवले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढेच! जनुकाच्या भाषेत तर केवळ एक अक्षर बदलते, 'ए'च्या जागी 'टी'. रोजकीर्दीत एक आकडा चुकला की तो खतावणीत उतरतो आणि शेवटी ताळेबंद बिघडवतो, तसे हे आहे. त्या एका बदलामुळे प्राणवायू सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे दोर बनतात, पेशी वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य वेदना सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते. ही जेमतेम १० ते २० दिवस.

दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. पॉलिंग यांना या मुलांच्या वेदना दिसत होत्या. १९६८ साली एका कायदेविषयक नियतकालिकात त्यांनी सुचवले, की प्रत्येक वाहक तरुण-तरुणीच्या कपाळावर तशी खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमातच पडणार नाहीत.

हे लिहिणारा माणूस कोण होता? १९४५ साली जपानी वंशाच्या एका माळ्याला काम दिले म्हणून पॉलिंग यांच्याच घराच्या गॅरेजवर अपशब्द रंगवले गेले होते. १९५२ साली त्यांच्या राजकीय मतांवर संशय घेऊन सरकारने त्यांना पासपोर्ट नाकारला. १९५४ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा कुठे तो हाती पडला. अणुचाचण्यांविरुद्ध पत्नी एव्हा हेलन यांच्यासह त्यांनी हजारो शास्त्रज्ञांच्या सह्या गोळा केल्या. १९६० साली सिनेटच्या समितीने सह्या गोळा करणाऱ्यांची नावे मागितली, ती त्यांनी दिली नाहीत. नावे हाती पडली, की त्या माणसांना छळले जाईल, हे ते जाणून होते. या कार्यासाठी त्यांना १९६२ चे शांततेचे नोबेल मिळाले. यादीत नाव चढल्याने काय होते हे ज्याला इतके ठाऊक, त्याला कपाळावरच्या खुणेने काय होईल हे दिसू नये, याचे मला राहून राहून नवल वाटते. दया होती म्हणून सूचना योग्य ठरत नाही.

पुढे काय झाले पाहा. १९७० नंतर अमेरिकेतील काही राज्यांनी सिकलसेलची तपासणी सक्तीची केली. कपाळे कोणी गोंदवली नाहीत, पण वाहक म्हणून नोंद झालेल्या निरोगी कृष्णवर्णीयांना विमा आणि नोकऱ्या नाकारल्या गेल्या. तिथल्या वायुदलाच्या अकादमीची दारे वाहकांना १९८१ पर्यंत बंद होती.

पॉलिंग १९ ऑगस्ट १९९४ रोजी, ९३ व्या वर्षी वारले. त्यांचा शोध मात्र आपल्या दारापर्यंत आला आहे. विदर्भात, नंदुरबारकडे, मध्य प्रदेश-छत्तीसगडच्या आदिवासी भागांत हा आजार आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे देशव्यापी मोहीम सुरू झाली, तेव्हा चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट होते. तपासणी हवीच. लग्नापूर्वी दोघांनी आपापला अहवाल पाहावा, डॉक्टरांशी बोलावे आणि स्वतः ठरवावे. पण तो अहवाल ज्याचा त्याच्या खिशात राहिला पाहिजे.

हे मी वाणिज्य शाखेचा म्हणून मुद्दाम लिहितो. उद्या विम्याचे अर्ज आणि नोकरभरतीचे कागद तपासायला आपणच बसणार आहोत. रक्ताचा रकाना भरताना कोणाच्या कपाळावर खूण उमटू द्यायची नाही, एवढे तरी आपल्या हातात असेल.