काळ्या पट्ट्याची पहिली श्रेणी देणारे गुरुजी : गिचिन फुनाकोशी

संध्याकाळी शाळेच्या पटांगणावर किंवा समाजमंदिरात पांढऱ्या पोशाखातील मुले-मुली रांगेत उभी राहून एका तालात ठोसे मारताना तुम्ही पाहिली असतील. कदाचित त्यांत तुमचाही मुलगा असेल, तुमचीही मुलगी असेल. काही महिने गेले की पट्ट्याची परीक्षा येते. मग घरात दुसरा विषय नसतो. परीक्षेची फी पोटाला चिमटा घेऊन भरलेली असते. शेजारच्या मुलाचा पट्टा बदललेला असतो. आपल्या मुलाला या खेपेस पट्टा मिळाला नाही, तर आपलीच मान खाली गेली असे आईबापांना वाटते, आणि त्या वाटण्याचा भार मुलाच्या खांद्यावर जाऊन बसतो.

म्हणून आज तुम्हाला एका माणसाचे चरित्र सांगावयाचे आहे. कराटेमध्ये काळ्या पट्ट्याची पहिली श्रेणी ज्याने दिली तो हा माणूस. पेशाने तो प्राथमिक शाळेतील शिक्षक होता. आणि लक्षात ठेवा, ज्या गुरूंकडे त्याने ही विद्या घेतली, त्यांनी त्याला कधी पट्टा बांधला नाही. त्यांच्या काळी पट्टाच नव्हता!

बुचडा आणि विद्येचे दार

गिचिन फुनाकोशी यांचा जन्म १० नोव्हेंबर १८६८ रोजी शुरी येथे झाला. शुरी ही ओकिनावा बेटावरील र्‍युक्यू राज्याची राजधानी. पुढे १८७९ साली जपानने हे राज्य खालसा केले आणि ओकिनावा हा जपानचा एक प्रांत झाला. गिचिन दिवस भरण्यापूर्वीच जन्मले. प्रकृती इतकी तोळामासा, की हे मूल फार दिवस काढणार नाही अशी घरच्यांना धास्ती होती. ते आजोळी वाढले. आजोबांनी त्यांना जुन्या चिनी ग्रंथांचे शिक्षण दिले.

मुलगा अभ्यासात हुशार होता. डॉक्टर व्हावे ही त्याची इच्छा. तोकियो येथील वैद्यकीय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत तो उत्तीर्णही झाला. परंतु त्या काळी ओकिनावात डोक्यावरील केसांच्या बुचड्यावरून मोठा वाद माजला होता. नव्या राजवटीने बुचडा ठेवण्याची चाल बंद केली होती. जुन्या घराण्यांना मात्र तो बुचडा म्हणजे पुरुषाची आणि कुळाची प्रतिष्ठा वाटे. फुनाकोशींचे घराणे या जुन्या मताचे होते. बुचडा असलेल्या विद्यार्थ्याला विद्यालयात प्रवेश नव्हता, आणि बुचडा कापायला घरचे तयार नव्हते. परीक्षा उत्तीर्ण होऊनही मुलाची जागा गेली.

वाचकहो, डोक्यावरच्या चार केसांसाठी एका मुलाचे शिक्षण अडते, ही गोष्ट आपल्याला नवीन वाटण्याचे कारण नाही. रूढी कोणत्याही देशातील असो, ती आधी विद्येच्याच दारात आडवी पडते.

पुढे १८८८ साली फुनाकोशींना प्राथमिक शाळेत साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली. शिक्षकालाही बुचडा ठेवता येत नव्हता. या खेपेस त्यांनी घरच्यांची वाट पाहिली नाही. त्यांनी बुचडा कापला. आईवडिलांना मोठा धक्का बसला, घरात रागावणे झाले. पण एका तरुणाने आपल्या पायांवर उभे राहण्यासाठी उचललेले ते पाऊल होते. त्यानंतर सुमारे तीस वर्षे त्यांनी मुलांना शिकवले.

रात्रीची शाळा

अशक्त मुलाला कराटेची ओळख झाली ती एका वर्गमित्रामुळे. त्या मित्राचे वडील आन्को आझातो हे या विद्येतील थोर जाणकार. फुनाकोशी त्यांच्याकडे जाऊ लागले, आणि हळूहळू प्रकृतीत फरक पडू लागला. आझातो यांचे स्नेही आन्को इतोसु हे त्यांचे दुसरे गुरू.

त्या काळी ही विद्या उघड शिकवली जात नसे. दिवसा शाळेत शिकवावे आणि रात्री कंदिलाच्या मिणमिणत्या उजेडात गुरूच्या घरी चालत जावे, असा त्यांचा क्रम होता. घराच्या परसात सराव चाले. कराटेत काता नावाचा प्रकार असतो. समोर प्रतिस्पर्धी आहे असे समजून ठरावीक क्रमाने केलेल्या बचावाच्या आणि प्रहाराच्या हालचालींची ती मालिका. एकच काता गुरुजी आठवडेच्या आठवडे, कधी महिनेच्या महिने करून घेत. स्वतः ओट्यावर बसून पाहत आणि पुन्हा करावयास सांगत. शाबासकी क्वचितच मिळे. गुरूचे समाधान झाल्यावाचून पुढचा काता नाही, असा नियमच होता. नाइहांची नावाचे तीन काता शिकण्यात फुनाकोशींची दहा वर्षे गेली!

आजच्या पालकाला हे ऐकून घेरी येईल. दहा वर्षांत आपल्या मुलाच्या कमरेला सगळे रंग येऊन गेले पाहिजेत असे त्याला वाटते. फुनाकोशींच्या कमरेला त्या दहा वर्षांत कोणताच रंग आला नाही. आले ते बळ आणि सहनशक्ती.

त्यांच्या पत्नीचीही गोष्ट सांगितली पाहिजे. तुटपुंज्या पगारावर मोठे कुटुंब चालवायचे म्हणून ही बाई हातमागावर विणकाम करी, भाजीपाला पिकवी. दिवसभर राबून अंग मोडून आले की ती आडवी होण्याऐवजी काता करी, आणि पुन्हा ताजीतवानी होई. पुढे तिलाही या विद्येत चांगली गती आली. तेव्हा मुलीला कराटे कशाला, असे विचारणाऱ्या शेजाऱ्यांना हे उदाहरण अवश्य सांगा.

खरी परीक्षा

तरुणपणी एका रात्री फुनाकोशी सासुरवाडीहून घरी परतत होते. हातात पूर्वजांपुढे ठेवावयाच्या गोड पदार्थांची पुडी होती. झाडीत तोंड झाकलेल्या दोघांनी त्यांना अडवले. एकाच्या हातात सोटा होता. त्यांनी पैसे मागितले, तंबाखू मागितली. फुनाकोशींजवळ दोन्ही नव्हते. हात चालवला असता तर दोघांना लोळवणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी खाऊची पुडी चोरांच्या हाती दिली आणि शांतपणे वाट धरली.

पुढे ही हकिगत त्यांनी गुरूंना सांगितली. इतोसु यांनी त्यांच्या वागण्याची वाखाणणी केली. आता पूर्वजांपुढे काय ठेवणार, असे आझातो यांनी विचारले. मनापासून केलेली प्रार्थना, असे फुनाकोशींनी उत्तर दिले. एरवी शाबासकी देताना हात आखडता घेणारे गुरू त्या दिवशी प्रसन्न झाले. कराटेचा खरा अर्थ शिष्याला कळला, असे त्यांना वाटले. माझ्या मते फुनाकोशींची परीक्षा झाली ती त्या रात्री. परीक्षक समोर नव्हते आणि पट्टा मिळणार नव्हता, तरी ते उत्तीर्ण झाले.

पन्नाशीनंतरचा संसार

विसाव्या शतकाच्या आरंभी इतोसु यांच्या प्रयत्नाने कराटे ओकिनावातील शाळांत शिरले. रात्रीची गुप्त विद्या दिवसाच्या उजेडात आली. शाळकरी मुलांना झेपावेत म्हणून इतोसु यांनी पिनान नावाचे पाच सोपे काता बसवले.

१९२२ साली जपानच्या शिक्षणखात्याने तोकियोत व्यायामप्रकारांचे प्रदर्शन भरवले. तेथे कराटे दाखवण्यासाठी फुनाकोशी गेले. वय ५३. जुदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी त्यांना आपल्या कोदोकान या संस्थेत बोलावून प्रात्यक्षिक करावयास लावले. काही दिवसांत परतावे या बेताने आलेले फुनाकोशी लोकांच्या आग्रहामुळे राहिले, ते राहिलेच.

मानमरातब मिळाला असेल असे समजू नका. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांसाठी तोकियोत मेइसेई जुकु नावाचे वसतिगृह होते. त्यात एका लहानशा खोलीत ते राहिले. भाड्यासाठी त्यांनी तेथे पहारेकऱ्याचे काम केले, बागेची निगा राखली, विद्यार्थ्यांच्या खोल्या झाडल्या. सभागृह रिकामे असेल त्या वेळी तेथे कराटे शिकवायचे. शिष्य थोडे आणि पैसा त्याहून थोडा. कधी अंगावरचे कपडे गहाण टाकावे लागले. स्वयंपाक्याला कराटे शिकवून त्याच्याकडून जेवणाच्या पैशांत सूट घेतली. ज्या खोल्या झाडायच्या त्याच वसतिगृहात गुरू म्हणून उभे राहायचे, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. झाडू मारणाऱ्या हाताला हलका समजणाऱ्यांनी हे नीट वाचावे.

१ सप्टेंबर १९२३ च्या भयंकर भूकंपात तोकियो उद्ध्वस्त झाले. त्यांच्या पहिल्या पुस्तकाचे छपाईचे ठसे नष्ट झाले. त्यांनी बँकेत काम धरले आणि शिकवणे चालूच ठेवले.

पट्टा आला कोठून?

जुदोमध्ये कानो यांनी १८८० च्या दशकात दान नावाच्या श्रेणी सुरू केल्या होत्या. हीच पद्धत फुनाकोशींनी उचलली. एप्रिल १९२४ मध्ये त्यांनी आपल्या सात शिष्यांना कराटेतील पहिली दान श्रेणी दिली. आज जगभर जो काळा पट्टा मिरवला जातो, त्याचा कराटेतील आरंभ हा असा.

या पहिल्या श्रेणीला जपानी भाषेत शोदान म्हणतात. तिचा अर्थ पहिली पायरी. आपण काळा पट्टा म्हणजे शेवट समजतो. ज्यांनी तो आणला त्यांनी त्याला आरंभ म्हटले आहे. पांढऱ्या पट्ट्यापासून तेथवरची सारी वर्षे ही पायरीपर्यंत चालत येण्याची वर्षे होत.

कराटे या शब्दाचे मूळ अर्थाने लेखन चिनी हात असे होते. फुनाकोशींनी त्याचे पहिले अक्षर बदलून रिकामा हात असा अर्थ देणारे लेखन रूढ केले. त्या वेळी जपानात चीनविरोधी वारे होते, हेही त्यामागे एक कारण होते, आणि ओकिनावातील काही जाणकारांना हा बदल रुचला नाही. पण फुनाकोशींनी या रिकामेपणाचा संबंध बौद्ध वाङ्मयातील शून्यतेच्या विचाराशी जोडला. हातात शस्त्र नाही इतकाच त्याचा अर्थ नव्हे. मनातून अहंकार आणि दुष्टबुद्धी काढून टाकणे, हा त्यातला मोठा अर्थ. कामाकुरा येथील एन्गाकुजी या बौद्ध मंदिरात १९६८ साली त्यांचे स्मारक उभारले गेले. कराटेपटूने पहिला प्रहार करू नये, हा त्यांचा उपदेश त्यावर कोरला आहे.

अखेरची वर्षे

१९३० च्या दशकाच्या अखेरीस शिष्यांनी वर्गणी गोळा करून त्यांच्यासाठी शोतोकान नावाची तालीमशाळा बांधली. शोतो हे त्यांचे कवितेसाठी घेतलेले टोपणनाव. महायुद्धात १९४५ साली हवाई हल्ल्यात ती इमारत जळून गेली. त्याच वर्षी त्यांचा मुलगा आणि प्रमुख साहाय्यक गिगो क्षयाने वारला. कित्येक तरुण शिष्य युद्धात मारले गेले होते. ओकिनावातून निर्वासित होऊन आलेल्या पत्नीची आणि त्यांची अनेक वर्षांनी भेट झाली, आणि १९४७ साली तीही गेली. जवळजवळ ऐंशीच्या घरातला हा म्हातारा पुन्हा तोकियोला आला आणि पुन्हा शिकवू लागला. २६ एप्रिल १९५७ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

दिवस भरण्यापूर्वी जन्मलेले, जगेल की नाही अशी शंका असलेले ते मूल इतके जगले!

आता तुमच्या घरची परीक्षा

पालकहो, तुमच्या मुलाच्या परीक्षेत सामान्यतः तीन गोष्टी पाहतात. किहोन म्हणजे ठोसा, लाथ, बचाव, उभे राहणे यांची मूळ अंगे. काता तुम्हाला आता ठाऊक आहे. आणि कुमिते म्हणजे जोडीदाराबरोबरचा सामना. शोतोकान पद्धतीच्या वर्गात पहिल्या परीक्षांना हेइआन नावाचे काता येतात. हे हेइआन म्हणजे इतोसु गुरुजींचेच पिनान. फुनाकोशींनी त्यांना नवे नाव दिले. म्हणजे तुमचे मूल परीक्षेत जे करते, ते एका वृद्ध गुरूने मुलांसाठीच रचलेले आहे. आणि नाइहांचीचे नवे नाव तेक्की. तपकिरी पट्ट्याच्या सुमारास तो काता आला आणि मूल कंटाळले, तर त्याला ती दहा वर्षे सांगा.

परीक्षेच्या आदल्या रात्री त्याला जागवू नका. पोटभर जेवू द्या, वेळेवर झोपू द्या. पोशाख त्याचा त्याला धुवू द्या. काता विसरला तर थांबून श्वास घ्यावा आणि पुढे चालू ठेवावे, एवढेच सांगा.

निकाल लागला आणि पट्टा मिळाला, तर आनंद जरूर करा. त्याबरोबर एक प्रश्नही विचारा : वर्गातल्या धाकट्या, कच्च्या मुलाला तू काय शिकवलेस? पट्टा मिळाला नाही, तर मुलाला चारचौघांत बोलू नका. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी आपल्यावर पायरीचे शिक्के मारले. आपल्या घरात आपणच आपल्या लेकराला कापडाच्या रंगावरून वरचे आणि खालचे ठरवू लागलो, तर आपण काय मिळवले? रंग कमरेला असतो, तो सोडता येतो आणि बदलता येतो. माणसाची किंमत त्यावर ठरत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मूल पुन्हा वर्गाला गेले की नाही, एवढे पाहा. ते गेले असेल, तर फुनाकोशी गुरुजींच्या वाटेने त्याचे पाऊल पडले आहे असे खुशाल समजा.