शैलचित्रे वाचणारा कलाशिक्षक : विष्णु श्रीधर वाकणकर

माळव्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी या प्रांताला कारभारी, वकील आणि गवई दिले, तसेच कलाशिक्षकही दिले. इंदूरला देवळालीकरांनी १९२७ साली चित्रकलेची शाळा काढली आणि बेंद्रे, हुसेन यांच्यासारखे विद्यार्थी तिच्यातून घडले. धारला शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके येऊन राहिले. या परंपरेत उज्जैनचे नाव निघते ते विष्णु श्रीधर वाकणकरांमुळे. जगाने त्यांना पुरातत्त्वज्ञ म्हणून ओळखले. परंतु ते मुळात चित्रकार आणि चित्रकला शिकविणारे गृहस्थ होते, ही गोष्ट दृष्टीआड झाली की त्यांच्या सर्वांत मोठ्या शोधाचे मर्मच हातातून निसटते.

वाकणकरांचा जन्म ४ मे १९१९ रोजी नीमच येथे झाला. चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेऊन ते उज्जैनला स्थिरावले आणि तेथे त्यांनी भारती कलाभवन ही संस्था उभी केली. परिचितांमध्ये ते हरिभाऊ म्हणूनच ओळखले जात. उज्जैनसारख्या गावी चित्रकला शिकविणे हा काही धनाचा मार्ग नव्हे. पण क्षिप्रेच्या काठची जुनी मंदिरे, माळरानावर विखुरलेल्या मूर्ती, पांढरीच्या टेकाडांतून निघणारी खापरे आणि नाणी हे सगळे या शिक्षकाच्या दाराशीच होते. कागद-पेन्सिल घेऊन भटकणे हा त्यांचा स्वभाव बनला, आणि या भटकंतीत शिष्यही सामील होत. पुढे भोपाळमध्ये चित्रकार म्हणून नावारूपास आलेले सचिदा नागदेव हे त्यांचेच विद्यार्थी. नाण्यांचा मोठा संग्रह त्यांनी जमविला. चंबळच्या खोऱ्यातील चित्रित शैलाश्रयांकडे त्यांचे लक्ष वळले तेही चित्रकाराच्या कुतूहलानेच.

१९५७ साली भोपाळहून इटारसीकडे जाणाऱ्या आगगाडीतून त्यांना विंध्याच्या रांगेत काही प्रचंड, झिजलेले खडक दिसले. ही हकीकत आता इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिला आख्यायिकेचे रूप आले आहे. त्या लोहमार्गाने रोज शेकडो माणसे जात होती आणि खडकही सर्वांनाच दिसत होते. इतकेच काय, १८८८ साली किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याने आदिवासींकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे भीमबेटकाची नोंद एक बौद्ध स्थळ म्हणून केलीही होती. वाकणकरांनी मात्र खडकाच्या आकारावरून ओळखले की असे आडोसे माणसाने वापरल्यावाचून राहणार नाहीत. ते तेथे गेले. भोपाळच्या दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटरवर, त्या साग-पळसांच्या रानात, त्यांना एकामागून एक रंगविलेल्या भिंती सापडत गेल्या. या परिसरातील टेकड्यांवर मिळून ७०० हून अधिक शैलाश्रय आहेत.

शोध लागला, पण खरे कष्ट पुढेच होते. भीमबेटकाच्या भिंतीवर चित्रे एकावर एक काढलेली आहेत. गव्यांचे आणि हरणांचे कळप, धनुर्धारी शिकारी, फेर धरून नाचणारी माणसे, आणि त्यांच्यावरच कित्येक शतकांनी कोणी रेखाटलेले घोडेस्वार व हत्तीस्वार. कोठे गेरूचा तांबडा, कोठे पांढरा, क्वचित हिरवा आणि पिवळा. या गुंत्यातली कोणती रेघ खालची आणि कोणती वरची, हे ठरविल्याशिवाय कालक्रमाचा प्रश्नच सुटत नाही. आणि ते ठरविण्याचा मार्ग म्हणजे चित्राची हाताने नक्कल करणे. छायाचित्र सगळे थर एकदमच दाखविते. नक्कल करणाऱ्याला मात्र प्रत्येक रेघ कोठून सुरू झाली, कोठे अडली, कुंचला जाड होता की बारीक, याचा निर्णय घ्यावा लागतो. विद्यार्थ्यांच्या चित्रांत हात कोठे चुकला हे वर्षानुवर्षे पाहणाऱ्या शिक्षकाला ही सवय होतीच. शैली आणि थर यांच्या आधारे वाकणकरांनी या चित्रांची कालखंडवार मांडणी केली, ती अशा नकलांतून.

१९७१ नंतर भीमबेटकाला उत्खनन सुरू झाले. वाकणकरांबरोबर पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वि. ना. मिश्र हेही तेथे काम करीत होते. अश्मयुगीन हातकुऱ्हाडींपासून ऐतिहासिक काळापर्यंतच्या वस्तीचे थर उघडे झाले. हिरव्या रंगातील सडपातळ नर्तकांना वाकणकरांनी पुराश्मयुगाच्या अखेरच्या टप्प्यात ठेवले, त्यावर मात्र एकमत झाले नाही. यशोधर मठपाल यांनी चित्रांचा आरंभ मध्याश्मयुगापर्यंतच मागे नेला. मठपाल हेही चित्रकार आणि भीमबेटकाच्या चित्रांच्या नकला करणारेच, ही गमतीची गोष्ट! थेट तारखा देणारे साधन हाती नसताना असा मतभेद स्वाभाविक होता, आणि त्याने वाकणकरांच्या मांडणीला उणेपणा येत नाही.

भीमबेटका हेच काही त्यांचे एकमेव कार्य नव्हे. उज्जैनजवळ छोट्या काळी सिंधच्या काठचे कायथा हे ताम्रपाषाणयुगीन स्थळ त्यांनी १९६४ च्या सुमारास उजेडात आणले. माळव्याच्या इतिहासाला त्यामुळे इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकातील वसाहतीचा आधार मिळाला. युरोपात जाऊन तेथील शैलचित्रे त्यांनी पाहिली. भारतातील चित्रित शैलाश्रयांवरील प्रबंधाला त्यांना १९७३ साली पुणे विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. १९७५ साली पद्मश्री आली, आणि १९७६ साली रॉबर्ट ब्रुक्स यांच्यासह लिहिलेला भारतीय अश्मयुगीन चित्रांवरील ग्रंथ अमेरिकेत प्रसिद्ध झाला. उतारवयात, १९८५ च्या सुमारास, लुप्त सरस्वतीच्या मार्गाचा मागोवा घेणाऱ्या मोहिमेतही ते उतरले. त्या मोहिमेच्या निष्कर्षांविषयी विद्वानांत पुष्कळ वाद आहे.

१९८८ च्या एप्रिल महिन्यात, सिंगापूरला गेले असता, त्यांचे निधन झाले. २००३ साली युनेस्कोने भीमबेटकाला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. भोपाळच्या पुरातत्त्व संशोधन संस्थेला त्यांचे नाव आहे. आणि त्याच शहरात, श्यामला टेकडीवरील मानव संग्रहालयाच्या आवारातही चित्रित शैलाश्रय आहेत. तेथे जाणाऱ्या शाळकरी मुलांना आज खडकावरची तांबडी हरणे बोट दाखवून ओळखता येतात.