कमला सोहोनी

कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या कमला भागवत (जन्म : इंदूर, १८ जून १९११, मृत्यू : १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ व प्रथिनांच्या संशोधक होत्या. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी होत.

शिक्षण

कमलाबाईंचे वडील नारायणराव व काका माधवराव हे दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. १९३३मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेतल्यावर कमलाबाईंनी त्याच संस्थेत, म्हणजे तेव्हाच्या भारतीय विज्ञान संस्थेत, प्रवेशासाठी अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री असल्याच्या कारणावरून तो नाकारला. कमलाबाईंनी हा निर्णय मान्य केला नाही. संचालकांसमोर त्यांनी सत्याग्रहाची भूमिका घेतली. अखेर त्यांना प्रवेश मिळाला, परंतु पहिले वर्ष परीक्षाधीन राहण्याच्या अटीवर. एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षअखेर त्यांचा प्रवेश नियमित झाला आणि संस्थेचे दार इतर विद्यार्थिनींसाठीही उघडले. १९३६मध्ये त्यांनी एम.एस्सी. पूर्ण केली.

पुढे केंब्रिज विद्यापीठात त्यांनी डेरेक रिक्टर व रॉबिन हिल यांच्याकडे संशोधन केले. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे प्रथिन असते व ते पेशींतील ऑक्सिडीकरणात भाग घेते, असे त्यांनी दाखवले. सुमारे चौदा महिन्यांत, अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर, त्यांना पीएच.डी. मिळाली. १९३९मध्ये त्या भारतात परतल्या.

मुंबईतील संशोधन

दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे काम केल्यानंतर १९४७मध्ये विमागणितज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या. विज्ञान संस्थेच्या नव्या जीवरसायनशास्त्र विभागात त्यांनी विद्यार्थ्यांचा संशोधनगट उभा केला. गरिबांच्या आहारातील पदार्थ हा या गटाचा मुख्य विषय होता.

वालासारख्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक विकराला अटकाव करणारी प्रथिने असतात. त्यामुळे कच्च्या कडधान्यांतील प्रथिने नीट पचत नाहीत. उष्णतेने हा अटकाव बराच कमी होतो. वाल व डबल बी यांतील ही प्रथिने सोहोनी व त्यांच्या सहकाऱ्याने स्फटिकरूपात वेगळी केली. हे संशोधन १९५५मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचाही अभ्यास केला. नीरा व ताडगूळ यांच्या सेवनाने कुपोषित आदिवासी मुले व गरोदर स्त्रिया यांचे आरोग्य सुधारते, असे त्यात आढळले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मात्र विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांना अंतर्गत राजकारणामुळे सुमारे चार वर्षे उशिरा मिळाले.

स्फटिकांचे महत्त्व

त्या काळी प्रथिनाचा स्फटिक हा मुख्यतः त्याच्या शुद्धतेचा पुरावा मानला जाई. पुढे क्ष-किरण स्फटिकशास्त्रामुळे स्फटिकावरून प्रथिनातील अणूंची मांडणी उलगडता येऊ लागली. सायटोक्रोम-सीची रचनाही याच मार्गाने उमगली. आता या कामासाठी सिंक्रोट्रॉनमधील तीव्र क्ष-किरण वापरतात. कमलाबाईंच्या जन्मगावी, इंदूर येथे, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात 'इंडस-२' हा सिंक्रोट्रॉन असून त्यावर प्रथिन स्फटिकशास्त्राची स्वतंत्र किरणवाहिनी आहे. तेथेही प्रथिन शुद्ध करून त्याचा स्फटिक मिळवल्यावरच पुढचे काम सुरू होते.

अखेरचा काळ

भारतीय ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या त्या सदस्य होत्या आणि १९८२-८३मध्ये तिच्या अध्यक्षही होत्या. १९९८मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्लीत आयोजित केलेल्या सत्कार समारंभात त्या कोसळल्या व त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले.