चेंडू घेऊन धावणारा जिम थॉर्प

अमेरिकेतील फुटबॉल नावाने फुटबॉल असला, तरी आपल्याकडील फुटबॉलहून तो अगदी निराळा आहे. त्यातील चेंडू अंडाकृती असतो. तो छातीशी घट्ट धरून गडी धावत सुटतो आणि प्रतिपक्षाचे गडी त्याला मिठी घालून भुईवर पाडतात. हुतुतूत चढाई करणाऱ्या गड्यास जी चपळाई लागते, तीच येथेही लागते.

या खेळात अपार कीर्ती मिळवणारा जिम थॉर्प १८८७ साली, आज ओक्लाहोमा राज्यात मोडणाऱ्या प्रदेशात, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी सॅक अँड फॉक्स जमातीत जन्मला. त्याचा जुळा भाऊ लहानपणीच आजाराने गेला. पुढे आईबापांचेही छत्र हरपले. १९०४ साली तो पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथील शाळेत दाखल झाला. मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी काढलेल्या या शाळेत मुलांचे केस कापीत आणि त्यांना स्वभाषेत बोलू देत नसत. अशा त्या परक्या जागी मुलांना आपले म्हणावे असे क्रीडांगणच काय ते होते.

क्रीडाशिक्षक ग्लेन वॉर्नर यांनी जिमला धावण्याच्या व उड्यांच्या स्पर्धांसाठी निवडले होते. त्याचे मन मात्र फुटबॉलकडे ओढ घेई. एवढा गुणी धावपटू धसमुसळ्या खेळात जायबंदी होईल, या भीतीने वॉर्नर परवानगी देईनात. जिमने पिच्छा सोडला नाही. अखेर १९०७ साली त्यांनी त्याच्या हाती चेंडू दिला, तोही इतरांना पकडीचा सराव व्हावा म्हणून! मैदानभर गडी पसरून उभे राहत आणि चेंडूवाल्याने त्यांच्यामधून धावावयाचे, अशी ती तालीम होती. या तालमीत चेंडूवाल्याने पडावयाचे, हे जणू ठरलेलेच. जिम निघाला, कोणास हुलकावणी देत, कोणास खांद्याने बाजूस सारीत तो थेट पलीकडच्या टोकास पोचला. वॉर्नर रागावले. त्यांनी गड्यांची कानउघाडणी करून जिमला पुन्हा धावावयास लावले. पुन्हा तेच घडले. तेव्हा कोठे त्यांचा विरोध मावळला.

परंतु सरावात साधले ते सामन्यात लगेच साधतेच असे नाही. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाविरुद्ध त्याला संधी मिळाली, तेव्हा वाट मोकळी करून देणाऱ्या सोबत्यांची वाट न पाहता तो उतावीळपणे पुढे धावला आणि प्रतिपक्षाच्या गराड्यात सापडला. पुढच्या खेपेस मात्र त्याने सोबत्यांचा आडोसा घेतला व योग्य क्षणी वेग वाढवून गुण मिळवला. पुढे पुढे तो एक पाय मुद्दाम पुढे करी. प्रतिस्पर्ध्याने त्यावर झडप घातली की तो चटकन मागे घेऊन निसटून जाई. १९११ साली कार्लाइलने बलाढ्य हार्वर्डला १८–१५ असे हरवले, तेव्हा दुखावलेल्या पायानिशी जिम खेळला होता.

१९१२ साली स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पंचक्रीडा व दशक्रीडा या दोन्ही स्पर्धांत त्याने सुवर्णपदके जिंकली. त्याच हेमंतात कार्लाइलने वेस्ट पॉइंटच्या लष्करी संघाचा २७–६ असा पराभव केला. पण पूर्वी थोड्या पैशांसाठी तो बेसबॉल खेळला होता, या कारणावरून १९१३ साली त्याची पदके काढून घेण्यात आली. पुढे १९२० साली स्थापन झालेल्या धंदेवाईक फुटबॉल संघटनेचा तो पहिला अध्यक्ष झाला. १९८३ साली त्याच्या मुलांच्या हाती नवी पदके देण्यात आली आणि २०२२ साली त्या दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव नोंदवले गेले. जिम मात्र २८ मार्च १९५३ रोजीच निवर्तला होता.